दीड तासाचा बिघाड

चेन्नईत वेस्ट मांबलमच्या त्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे आणि माझं इंटरनेट रोज बरोबर दीड तास बंद पडायचं. दीड तासानं आपसूक सुरू व्हायचं, जणू काही झालंच नाही. बिघाडाला निदान थोडी लाज असावी असं माझं मत आहे. हा बिघाड निर्लज्ज होता.

मी मूळची पुण्याची. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनीअर. सोमवारी आणि गुरुवारी कंपनीच्या बसने कारखाना, बाकीचे दिवस घरून काम. नवरा आणि सहा वर्षांची मुलगी पुण्यात. दोन वर्षं झाली होती आणि मी कंटाळले होते, खरं सांगायचं तर रडकुंडीला आले होते. तेवढ्यात आमच्याच कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात माझ्या कामाची एक जागा निघाली. त्या जागेसाठी मी बदलीचा अर्ज केला. मुलाखत ऑनलाइन होणार होती. मुलीजवळ जायचा तेवढा एकच रस्ता दिसत होता आणि तो एका वायरीतून जात होता.

रविवारी दुपारी मुलीशी व्हिडिओवर गप्पा व्हायच्या. साडेचारच्या ठोक्याला तिचा चेहरा तोंड उघडं असतानाच थिजायचा. एकदा सहानंतर पुन्हा फोन लागला तेव्हा तिने विचारलं, "आई, तू साडेचारला बंद होतेस का?" मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला अजिबात हसू आलं नाही.

पहिली मुलाखत मंगळवारी दुपारी तीनला होती. समोर पुण्याचे तीन साहेब. "माझा अनुभव नऊ" एवढं मी म्हणाले आणि पडदा गोठला. नऊ वर्षं की नऊ दिवस, हे त्यांना कळलंच नाही. त्यांनी मोठ्या मनाने पुन्हा वेळ दिली, बुधवारी बाराची. ह्या वेळी मी तयारीत होते. घराच्या जाड भिंतींमध्ये मोबाइलला रेंज नसायची, पण गच्चीवर असायची. बाराला नेट गेल्याबरोबर मी लॅपटॉप छातीशी धरून अनवाणी गच्चीवर धावले. चेन्नईतल्या भर दुपारी गच्चीवर अनवाणी जाणाऱ्या बाईला क्वालिटी इंजिनीअर म्हणू नये. त्यात घरमालकीणबाईंनी गच्चीभर तांदळाचे वडाम, म्हणजे आपल्या सांडग्यांचे तिकडचे भाऊ, वाळत घातले होते. साहेबांना दिसलं ते असं: आभाळ, वडाम, एक उड्या मारणारी बाई, पुन्हा आभाळ. मी स्वतःहून कॉल बंद केला.

पुण्याहून मेल आली. तिसरी आणि शेवटची वेळ, पुढच्या शुक्रवारी सकाळी अकरा. तीही हुकली तर पुढच्या उमेदवाराला बोलावू.

दरम्यान तक्रारींचा सपाटा चालूच होता. कस्टमर केअरची बाई दर वेळी राउटर तीस सेकंद बंद करायला सांगायची. मी तीस मोजायचे, तीही पलीकडे तीस मोजायची, आणि आमचे आकडे कधी जुळायचे नाहीत. नवरा म्हणाला, शेजारचा मायक्रोवेव्ह असेल. कारखान्यातल्या सहकाऱ्याने खारींना दोष दिला, त्या वायर कुरतडतात म्हणे. खालच्या काकांनी लगेच वायरीला तिखटाचं पाणी लावलं. खारी आनंदात होत्या, मला मात्र दोन दिवस शिंका येत होत्या.

काका-काकू म्हणजे माझे घरमालक. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले, पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी जुनं पत्र मोठ्याने वाचतंय. काका निवृत्त गणित शिक्षक. मूलबाळ नाही. मी तिकडे गेल्यापासून काकूंनी मला सकाळची कॉफी कधी स्वतः करू दिली नाही. फायबरचा डबा त्यांच्या दिवाणखान्यात, दाराआड होता, तिथून वायर माझ्या खोलीत यायची. ते स्वतः इंटरनेट वापरत नसत. मी विचारलं की काकू म्हणायच्या, "आमच्याकडें सगळें बरें आहे की मा." हा "मा" तमिळ लाडाचा.

शेवटी मी माझ्या धंद्याला जागले. कारखान्यात एखादा भाग नापास झाला की आम्ही आधी नोंदी ठेवतो. आठवडाभर मी तक्ता केला, दिवस, बंद पडल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ. कारखान्याच्या दिवशी राउटर स्वतःच नोंद करील अशी व्यवस्था केली. कारणं शोधायची माशाच्या काट्यासारखी आकृती काढून त्यावर उष्णता, व्होल्टेज, खारी, समुद्राची हवा असं सगळं लिहिलं. दर दिवशी वेगळी वेळ, पण दर वेळी नव्वद मिनिटं. मिनिटाचाही फरक नाही. आमच्या कारखान्यातलं एकही यंत्र इतकं शिस्तीचं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी, मुलाखतीच्या आदल्या दिवशी, इंटरनेट कंपनीचा टेक्निशियन चौथ्यांदा आला. तोपर्यंत तो दर वेळी नेट चालू असताना यायचा आणि माझ्याकडे दयेने पाहायचा. मी छापील तक्ता त्याच्या हातात दिला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्याने हेल्मेट काखेतून काढून खाली ठेवलं.

"मॅडम," तो हळू म्हणाला, "हा रागुकालम आहे."

राहुकाळ, रोजचा दीड तासाचा अशुभ काळ. सोमवारी साडेसात ते नऊ, मंगळवारी तीन ते साडेचार, शुक्रवारी साडेदहा ते बारा. त्याला पाठ होतं. तिथे सगळ्यांनाच पाठ असतं. खालच्या जिन्याशी, मी रोज चार वेळा जिथून जायचे तिथे, पानं फाडायचं कॅलेंडर टांगलेलं होतं आणि त्यावर माझा आख्खा तक्ता रोजच्या रोज छापून येत होता. मी आठवडा घालवून कॅलेंडर शोधून काढलं होतं.

"आमच्या कंपनीत ह्याला डिपार्टमेंट नाही," टेक्निशियन म्हणाला. "तक्रार क्लोज करू?"

मी तडक खाली गेले. डोकं सणकलं होतं. "काकू, माझं नेट तुम्ही बंद करता?"

"हो की," काकू म्हणाल्या. तुळशीला पाणी तुम्हीच घालता का, असं विचारल्यासारखं. "रागुकालम लागला की स्विच काढतें. सरला की लावतें."

"अहो, पण का?"

"चार महिन्यांपूर्वीं अर्ज केलास तेव्हां तूच सांगितलीस की मा. पुण्याचें बोलावणें कधीं येईल कळत नाहीं म्हणून. एवढें चांगलें वर्तमान वाईट वेळेंत घरांत येऊं नये. मीं येऊं दिलें नाहीं." मग जरा आवाज उतरवून, "एमगंडमलाही काढायला पाहिजे. तें तुझें काम आहे म्हणून सोडून दिलें."

एमगंडम हा रोजचा दुसरा अशुभ दीड तास, म्हणजे मला सवलत मिळत होती. दोन मुलाखती, गच्चीवरचे फोड, मुलीचा थिजलेला चेहरा, सगळं ओठांवर आलं होतं आणि मी ते बोलूनही दाखवलं, चांगलं खडसावून. काकू खालच्या पायरीवर बसल्या. त्यांना मुलाखतीच्या वेळा मी कधी सांगितल्याच नव्हत्या. त्यांचे डोळे भरले तेव्हा मला माझाच राग आला.

"उद्यां किती वाजतां?" काकांनी विचारलं.

"अकरा."

तिघंही कॅलेंडरकडे बघत राहिलो. शुक्रवार, साडेदहा ते बारा. बरोबर मधोमध.

तोडगा गणिताच्या मास्तरांनीच काढला. राहुकाळात आरंभ करायचा नाही, पण आधीच सुरू झालेलं काम चालू ठेवायला हरकत नाही. म्हणजे मी सव्वादहालाच कॉलमध्ये जायचं. काकूंची त्यावर शंका होती. नुसतं जाऊन बसणं म्हणजे आरंभ नव्हे, बोललं पाहिजे. आणि मधे कनेक्शन तुटलं तर? तर पुन्हा जोडणं म्हणजे राहुकाळात नवा आरंभ. म्हणून ते तुटताच कामा नये. चार महिने माझं नेट रोज कापणारी बाई आता ते दीड तास जिवंत ठेवायला कंबर कसून उभी राहिली.

शुक्रवारी सकाळी काकांनी फायबरचा डबा इन्व्हर्टरला जोडला आणि स्विचसमोर खुर्ची टाकून हातात छत्री घेऊन बसले. छत्री कशाला, हे मी विचारलं नाही. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर सगळं बंद. काकू माझ्या खोलीत, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेताने जमिनीवर. सव्वादहाला मी रिकाम्या पडद्यासमोर म्हणाले, "गुड मॉर्निंग. मला बोलावल्याबद्दल आभारी आहे."

"आणखी थोडें बोल," काकू कुजबुजल्या.

मी रिकाम्या पडद्याला माझा अनुभव सांगितला, नऊच्या पुढच्या 'वर्षां'सकट. मग साहेब येईपर्यंत हलले नाही. काकू राउटरच्या हिरव्या दिव्याकडे देवघरातल्या समईकडे बघावं तशा बघत होत्या.

पाच मिनिटं आधीच साहेब आले. त्यांच्या पडद्यावर मी कधीपासून बसले आहे ते दिसत असावं, कारण मोठे साहेब म्हणाले, "तुम्ही सव्वादहापासून थांबलाय?" मी हो म्हणाले. त्यांनी दुसऱ्या साहेबांकडे अर्थपूर्ण पाहिलं. अशा रीतीने राहुकाळ माझ्या कामावरच्या निष्ठेत जमा झाला. नेट एकदाही गेलं नाही.

निवडीची मेल पुढच्या शनिवारी आली, सकाळी नऊ चाळीसला. मी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि कॅलेंडर बघून साडेदहा वाजून जाईपर्यंत खोलीत येरझाऱ्या घातल्या. मगच खाली जाऊन सांगितलं.

"बरें झालें," काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने मिक्सर सुरू झाला. बराच वेळ चालला. मी डोकावले तर भांडं रिकामं होतं.

चार महिने ज्या वर्तमानाला त्यांनी वाईट वेळेपासून जपलं होतं, ते आलं की वरची खोली रिकामी होणार, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मला मात्र ते त्या मिक्सरपाशी कळलं.

निघायचा दिवसही शनिवारच होता. विमान दुपारचं, टॅक्सी साडेआठला दारात. काकूंनीच बजावलं होतं, नऊच्या आत उंबरा ओलांडायचा, नाहीतर साडेदहापर्यंत अडकशील. मी सामान खाली आणलं, काकांच्या पाया पडले, आणि म्हणाले, चार्जर सापडत नाही. वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. नऊला दहा मिनिटं होती.

खाली आले तेव्हा काकू माझ्या बॅगेपाशी उभ्या होत्या. चार्जर बाहेरच्या कप्प्यातून अर्धा लोंबत होता, मी सकाळी जसा ठेवला होता तसाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चार्जर बोटांनी आत ढकलला, कप्प्याची चेन लावली.

"शोध मा," त्या म्हणाल्या. "सावकाश शोध."