जिथं हलगी ऐकू येत नाही

आमच्या वडिलांना गाव आप्पा म्हणतं, म्हणून आम्हीही आप्पाच म्हणतो. त्यांची घोडी बैलगाड्यापुढं पळायची. ज्यांनी आमच्या शिरूरकडची शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चढावर आखलेला घाट असतो. चार बैलांचा गाडा खालून सुटतो आणि बैलांच्या पुढं एक घोडी, पाठीवर स्वार घेऊन, जीव खाऊन पळते. बैल तिच्या मागं लागतात. हलगी कडकडत असते, भंडारा उधळत असतो, आणि भोंग्यावरचा माणूस एका दमात गाव, मालक आणि सेकंद पुकारत असतो. हार बैलांना, फोटो बैलांचे. घोडीला मूठभर हरभऱ्याची चंदी आणि मानेवर एक थाप.

या घोडीला पहिल्यांदा काय शिकवायचं, तर मागं न बघणं. मागून चार बैल आणि अख्ख्या जत्रेचा आरडाओरडा येत असतो, पण तिनं मान वळवली की वेग तुटतो आणि बैल अंगावर येतात. ती शिंगरू होती तेव्हा आप्पा तिच्या मागं तेलाचे रिकामे डबे बडवत बांधाबांधानं फिरायचे. आई तेव्हा होती. ती म्हणायची, पोरांना चालायला शिकवताना कधी दिसले नाहीत हे. खरंच होतं ते. मला सायकलसुद्धा आईनंच शिकवली.

मला घोडीचा लळा कधीच नव्हता, हे आधीच सांगून टाकते. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, पाबळच्या पलीकडं; मध्ये फक्त दोन शेतं. मी शाळेत शिकवते. आई गेल्यापासून शाळेच्या आधी आप्पांचा डबा द्यायला जाते, आणि रोज माझ्या साडीला घोडीचे केस चिकटतात. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत लोकांनी घोड्या विकल्या, आप्पांनी ठेवली. मी त्यांना टोमणे मारायचे, की निवृत्त घोडीला पेन्शन कोण देणार. ते हसायचेही नाहीत.

बंदी उठली आणि घोडी पुन्हा पळायला लागली. मग एका पौषात तिच्या पुढच्या डाव्या पायाची शीर दुखावली. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय चाचपला आणि स्वच्छ सांगितलं. चालेल, ओझं नेईल, चांगली दहा वर्षं जगेल. पळवली तर पाय जाईल, आणि घोड्याचा पाय गेला की घोडं गेलं.

चैत्रात आमच्या गावची यात्रा आली. देवाच्या गाड्यापुढं पहिली घोडी आमच्या घरची, हा आमचा मान आहे, आजोबांच्या आधीपासूनचा. मी आप्पांना आदल्या दिवशी म्हटलं की या वर्षी दुसऱ्या कोणाची घोडी धरू द्या. दुसऱ्या दिवशी माझा चुलतभाऊ आमच्याच घोडीवर बसला. वरती पोचली तेव्हा ती तीन पायांवर होती.

आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी डबा उघडून समोर ठेवला तेव्हा म्हणाले, "मला कळत हुतं. तरी सोडली." एवढंच. माझ्या बापानं चूक कबूल केलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

पाय पुन्हा सुधारला, पण खरी अडचण वेगळीच होती. ओढ्यापलीकडच्या गावाचा घाट आमच्या गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. वैशाखात तिथं हलगी वाजली आणि घोडीनं खुंटी उपटली. पाठीवर स्वार नाही, मागं बैल नाहीत, आणि ही लंगडत घाटाकडं धावत सुटली. पुढच्या वेळी आप्पांनी साखळीनं बांधली, तर ओढून ओढून पायाचं कातडं सोलून घेतलं. आणि आता शर्यती यात्रेपुरत्या राहिलेल्या नाहीत. पुढाऱ्याच्या वाढदिवसालाही गाडे पळतात. आणखी चार हलग्या वाजल्या की घोडी संपली, हे आम्हा दोघांना दिसत होतं. लोक जनावराला घर शोधताना पाणी बघतात, वैरण बघतात. आम्हाला असं घर हवं होतं जिथं हलगी ऐकू येत नाही.

आप्पांचा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळं शोधायचं काम माझ्याकडं आलं. बघायला येणारे सगळे गाडामालकच. प्रत्येक जण सांगायचा की पळवायची नाही, फक्त शिंगरं घ्यायची आहेत. एक जण तर शिंगरांबद्दल बोलता बोलता खाली वाकून पाय चाचपायला लागला, आणि जाताना त्यानं विचारलंच, की बंदीच्या आधी ही किती सेकंदात चढायची. मी त्याला चहा दिला नाही.

मग केडगावच्या बाजूचा एक लग्नाच्या घोड्या ठेवणारा भेटला. माझ्या एका सहशिक्षिकेच्या ओळखीतला. मी स्वतः जाऊन त्याचा गोठा बघून आले. खाली वाळू, वर पंखे, घोड्या तुकतुकीत. दौंडच्या त्या पट्ट्यात गोठ्याच्या आसपास कुठं घाट नाही. माणूसही मऊ बोलणारा. आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, वरातीत हलगी असते. मी म्हटलं, आप्पा, आता वरातीत बँड असतो, हलगी तुमच्या लग्नात होती. मला वाटलं मी जिंकले.

दसऱ्यानंतर घोडी पिकअपमध्ये चढवली. मी स्वतः तिचं दावं त्या माणसाच्या हातात दिलं आणि पुढच्या सीटवर बसून तळेगाव ढमढेरे, न्हावरे करत भीमा ओलांडून तिला पोचवून आले. येताना हलकं वाटत होतं. साडी स्वच्छ राहणार म्हणून नाही, किंवा थोडं त्यासाठीही.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिल्याच वरातीनंतर त्या माणसाचा फोन आला. मुलाकडचे लोक शिरूरचेच, गाड्याचे शौकीन. त्यांनी बँड थांबवून हौसेनं हलगीवाले आणले होते, वर भंडारा उधळला. घोडी नवरदेवासकट सुटली. मांडव मागं टाकला, रस्ता सोडला, कांद्याच्या शेतातून पलीकडं गेली. तो बिचारा फोनवर अजून धापा टाकत होता. "बाई," तो म्हणाला, "नवरदेव घावलाय, बरा हाय. घोडी अजून पळतीय."

दुसऱ्या दिवशी तिला परत आणलं. पाय मांडीएवढा सुजला होता. आता आप्पा बोलतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती, पण त्यांनी एकच विचारलं. "दावं दिलं हुतंस का तिच्यासंगं?"

मी दिलं होतं. आमच्याकडं जनावर दुसऱ्याच्या घरी जाताना दावं देत नाहीत. घेणारा स्वतःचं दावं आणतो, आमचं आम्ही सोडून ठेवतो. दावं राहिलं की दावणीला पुन्हा जनावर येतं, असं मानतात. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई, मला ते आठवलंही नव्हतं. पण आप्पांच्या लेखी त्याचा अर्थ सरळ होता. तिच्या गळ्यात आमचंच दावं, म्हणजे घोडी गेलीच नव्हती, नुसती पाहुणी म्हणून गेली होती. मला त्यांचा रागही आला आणि स्वतःची लाजही वाटली. बँड नि हलगी यातलं मला काही कळत नव्हतं आणि मी त्यांना गप्प केलं होतं.

घर शेवटी आप्पांनीच शोधलं, खाटेवर बसून. आमच्या रानात दर वर्षी बाजरी निघाली की एका धनगर कुटुंबाची मेंढरं बसतात. आठ-दहा दिवस राहतात, रानाला खत मिळतं, आणि मग त्यांचा वाडा, म्हणजे माणसं, मेंढरं आणि बिऱ्हाड सगळं, माळशेज उतरून कोकणात जातो तो थेट ज्येष्ठात परततो. हे मी लहानपणापासून बघत आले आहे. आप्पांनी बोटांवर महिने मोजून दाखवले. चैत्र, वैशाख, सगळ्या मोठ्या यात्रांच्या दिवसांत ही माणसं डोंगराच्या पलीकडं असतात. तिकडं आपल्यासारखा शर्यतीचा घाट नाही. मी विज्ञानासोबत पोरांना नकाशाही शिकवते आणि मला हे सुचलं नव्हतं.

त्यांचं घोडं म्हातारं झालं होतं, एवढं आप्पांना माहीत होतं. वाडा आला तेव्हा त्यांनी मामांना, म्हणजे त्या धनगराला, बोलावून विचारलं. मामा म्हणाले, घोड्याचं मला विचारू नका, तिला विचारा. त्यांच्यात मेंढरं पुरुषांची आणि घोडं बाईचं. बिऱ्हाड लादायचं, हाकायचं, पुढचा मुक्काम गाठून चूल मांडायची, सगळं तीच करते. मग मामांच्या कारभारीण, मावशी, आल्या. साठीच्या, काटक, बोलायला कमी. आप्पांनी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. पाय, हलगी, नवरदेव, सगळं सांगितलं. नवरदेवाचं ऐकून त्यांनी तोंडाला पदर लावला.

मग त्यांनी घोडीची परीक्षा घेतली. पाठीवर घोंगडी टाकली, तिच्या दोन्ही बाजूंना भांडी अडकवली आणि हातानं मुद्दाम खडखडवली. घोडीनं कानसुद्धा हलवला नाही. लहानपणापासून डबे ऐकलेली ती. मावशींनी तिला पुढं चालवलं, तर ती मेंढरांच्या पुढं झाली आणि तशीच चालत राहिली.

"हिला पुढंच चालायचं ठाव हाय," मावशी म्हणाल्या. "आमचं बी घोडं पुढंच असतं. फकस्त पळायचं न्हाई, एवढं शिकंल."

सूज उतरेपर्यंत वाडा आमच्या रानात थांबला, नेहमीपेक्षा जास्त दिवस. निघताना मावशींनी आपलं दावं आणलं. आप्पांनी आमचं सोडून घेतलं, झटकलं आणि खाटेशेजारच्या खुंटीला टांगलं. पहिल्या खेपेला घोडीवर फक्त कोंबड्या आणि दोन कोकरं लादली. जड सामान म्हाताऱ्या घोड्यानंच नेलं. आप्पा दारात उभे राहिले नाहीत. आत बसून मला म्हणाले, डब्यात आज मीठ कमी आहे.

हिवाळाभर आणि उन्हाळाभर मी मावशींना फोन करत राहिले. बहुतेक वेळा रेंज नसायची. लागला की कळायचं, बरी आहे, गवत भरपूर आहे. मी ते आप्पांना सांगायचे. ते कधी विचारायचे नाहीत, पण मी सांगेपर्यंत डबाही उघडायचे नाहीत.

ज्येष्ठात वाडा परत आला आणि आमच्याच रानात उतरला. घोडीचं अंग भरलं होतं, पाठीवर ओझ्याचे घट्टे पडले होते, पायाला सूज नव्हती. आप्पांनी काठी टेकत लांबून बघितलं, जवळ गेले नाहीत. तिला सवय मोडू द्या, म्हणाले.

वाडा हलायच्या सकाळी ओढ्यापलीकडून भोंगा ऐकू आला. कुणाचा तरी वाढदिवस होता. आम्हाला पत्ताच नव्हता. मावशी घोडीवर बिऱ्हाड लादत होत्या; पाण्याची भांडी, पाल, वर कोंबड्यांची डालगी, आणि डालगीशेजारी चार दिवसांचं कोकरू. आप्पा लिंबाखाली खुर्चीत बसले होते. मांडीवर दावं होतं. सकाळीच त्यांनी मला ते खुंटीवरून काढायला लावलं होतं, तेल द्यायचंय म्हणून. तेल काही दिलं नव्हतं.

मग हलगी सुरू झाली.

घोडीची मान वर गेली. कान ताठ झाले, पुढच्या पायानं तिनं माती उकरली. आप्पांनी खुर्चीचा हात धरला आणि उठायचा प्रयत्न केला, पण गुडघ्यानं साथ दिली नाही. मावशींनी काही ओरडा केला नाही. त्यांनी पाठीवरच्या कोकराला एक चापट मारली. ते बें बें करायला लागलं आणि खालून त्याची आई ओरडायला लागली. घोडीचे कान मागं वळले. कोकरू पडू नये म्हणून असेल किंवा सहा महिन्यांची सवय म्हणून असेल, तिनं अंग सावरलं. मावशींनी दावं सैल सोडलं आणि म्हणाल्या, "चल बये." आणि ती चालायला लागली. घाटाकडं नाही, वाटेकडं. पाऊल मोजून, भांडी खडखडत, मेंढरांच्या पुढं.

ती बाभळीपर्यंत गेली तेव्हा आप्पांनी दावं माझ्यापुढं धरलं. "हे दिऊन ये."

मी म्हटलं, आप्पा, दावं देत नसतात ना. ते म्हणाले, "आता आपल्याला लागत न्हाई."

म्हणजे आमच्या दावणीला आता घोडी येणार नव्हती. गेली कित्येक वर्षं मला हेच हवं होतं. आणि ते दावं हातात घेताना मला रडू फुटलं, तिथंच, वाड्यातल्या सगळ्यांसमोर. डोळे पुसत मी धावले. चप्पल ढेकळात अडकली, ती तशीच सोडली. मावशींना गाठून दावं दिलं. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. एक भांडं घसरत होतं, ते त्यांनी त्याच दाव्यानं आवळून बांधलं आणि पुढं निघाल्या. मी वाटेवर उभी राहून वळणापर्यंत बघत राहिले.

परत आले तेव्हा हलगी जोरात चालू होती. आप्पा तसेच बसले होते, हात रिकामे.

"मागं बघितलं का तिनं?"

"नाही," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

आप्पांनी मान हलवली. "शिकवलंच हाय तसं," ते म्हणाले, आणि मला काठी द्यायला सांगितली.