वाणातली मूठभर माती

संक्रांतीला आई वाण म्हणून टमाट्याची रोपं द्यायची. तेलंगणातल्या वांकिडीकडच्या आमच्या गावात बाकीच्या बायका वाट्या, कंगवे देत. आई पळसाच्या पानात एक रोप ठेवी आणि त्याच्या मुळांशी आपल्या वाफ्यातली मूठभर माती बांधी. रोप परक्या घरी चाललं, त्याला माहेरची माती हवी, असं ती म्हणे. तिचा हातगुण गावाला ठाऊक होता.

एका वर्षी होळीच्या सुमारास सात घरच्या परसांत झाडं हिरवी असतानाच माना टाकू लागली. पाणी घातलं तरी उठेनात. बायका आमच्या ओट्यावर आल्या.

"तुह्या हाताले काय झालं वं माय?" शेजारची काकू म्हणाली. "वाण देल्लं का साडेसाती?"

सगळ्या हसल्या. आईही हसली. मग तिनं मला फोन केला. मी हैदराबादला एका प्रयोगशाळेत भाज्यांवरच्या जिवाणूंचं काम करते.

"तू येऊन सांग त्याहिले, माह्या हाताचं नाही म्हणून."

मी गेले. मेलेल्या झाडाचं खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं. खोडातून जिवाणूंची दुधासारखी धार हळूहळू खाली उतरली. बायकांनी पदर तोंडाला लावले. सात घरचे आणि आईच्या वाफ्यातले नमुने घेऊन मी परतले.

जिवाणूची जनुकं ओळीनं वाचता येतात. त्यांत मधूनच एखादं अक्षर बदलतं, आणि त्या बदलांवरून कोण कुणाच्या वंशातलं ते कळतं. सातही घरचे जिवाणू आईच्या वाफ्यातल्या जिवाणूच्या वंशातले निघाले.

आईच्या वाफ्यात तो कुठून आला, तेही कळलं. आदल्या वर्षी मी मंचेरियल स्टेशनबाहेरून संकरित टमाट्याच्या रोपांचा ट्रे तिच्यासाठी नेला होता. दोन रोपांनी त्याच आठवड्यात माना टाकल्या. सवयीनं मी त्यांची खोडं नेऊन गोठवून ठेवली आणि विसरले. आता तीही तपासली. जुळली.

पुढच्या खेपेला मी ओट्यावर बसून निकाल सांगितला. अर्धाच. रोग आईच्या मातीतून गेला, इथवर. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. बायका माझ्याकडे मोठ्या आदरानं बघत होत्या. मी कागद मिटला.

आई म्हणाली, "असं हाय काय." आणि चहा ठेवायला आत गेली.

तिनं वाफा उपटून जाळला. पुढच्या संक्रांतीला कंगवे वाटले. "धुतला ना वं कंगवा?" काकूनं सगळ्यांदेखत विचारलं.

त्या पावसाळ्यात आई गेली. तेराव्याला भांडी आवरताना मी काकूला उरलेला अर्धा निकाल सांगितला. तिनं घासायला घेतलेली परात खाली ठेवली.

"तवा काऊन नाही सांगतलं?"

मी विसळलेली वाटी पुन्हा विसळायला घेतली.

"शेवटी शेवटी थे रोज हात पाहात बसे," काकू म्हणाली. "मी म्हनलं, पोरीचं चुकलं असन, एवढं काय घेतं मनावर. तं म्हने, नाही वं, माही पोरगी शिकेल हाय. थे अर्धवट नाही सांगत."