दुपारची हाक

हे मी आजवर कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्ही माझे कोण? कुणी नाही — म्हणूनच बहुतेक धीर होतोय.

इंग्लंडला शिकत होते तेव्हा वर्गात वाद चालायचे, अगदी हातघाईवर आल्यासारखे. त्या दिवशीचा प्रश्न होता — दुःखानं भ्रमलेल्या माणसाशी, त्याच्या समाधानासाठी, खोटं बोलावं का? निम्मा वर्ग म्हणत होता, बोलावं. मी तावातावानं उठले. जीभ पहिल्यापासून तिखट, त्यात जिंकायची खोड. मी माझ्या काकीचं उदाहरण दिलं.

आमचं गाव सणसर. काकीचा मुलगा नितीन कॅनॉलमध्ये बुडून गेला. तेव्हापासून तिला रोज भर दुपारी त्याची हाक ऐकू येते, असं मी सांगितलं. तो बुडाला त्या दिवशी मी तिथंच होते, हाक आलीच नव्हती, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं, कारण खरं सांगणं हे आपलं कर्तव्य असतं — असंही म्हणाले. बाईंनी मान डोलावली.

तेवढ्यात बंद खिडकीच्या बाजूनं कुणीतरी हाक मारली. "आशेऽ." तिथं मला सगळे अश्विनी म्हणायचे. आशे हे गावाकडचं नाव तिथं कुणाला माहीत असणार? एकानंही मान वळवली नाही. मी खाली बसले.

आता खरं सांगते. त्या दुपारी कॅनॉलला पाणी सुटलेलं, अगदी काठोकाठ. उसाला पाणी देऊन नितीन हातपाय धुवायला उतरला. मी बांधावर लिंबाखाली बसले होते — त्यानं मोटारसायकल शिकवायला नकार दिला म्हणून फुगून. हाक आली. एकदाच. असेल काहीतरी काम, ओरडू दे, असं मनात म्हटलं.

नाही — हेही अर्धंच झालं. त्या आवाजात भीती होती. ती मला कळली होती. कळूनही बसून राहिले. का? उसाचं पानसुद्धा हलत नव्हतं. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली, ती आली नाही.

काकीनं ती हाक लांब वस्तीवरून ऐकली होती. रडत सगळ्यांना सांगत सुटली, "नित्यानं आशेला हाक मारली, म्या ऐकली!" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "न्हाय. हाक न्हाय आली." एवढंच. तिथून काकी वेडी ठरली. मग तिला ती हाक रोज ऐकू यायला लागली. आधी देवऋषी झाला, मग बारामतीचा डॉक्टर.

परवा गावी गेले. काकी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. गोळ्यांनी चेहरा सुजलेला. मला बघून हसली.

"आता कायबी ऐकू येत न्हाय बघ, आशे. तू म्हणत व्हतीस तेच खरं. माझंच डोस्कं फिरलं व्हतं."

आणि कॅनॉलच्या अंगानं हाक आली. एकदाच, शेवट लांबवलेली. काकीचे हात थांबले नाहीत.

मला बोलता आलं असतं. काकी, आत्ता आली, आणि तेव्हाही आली होती — एवढंच तर म्हणायचं होतं. मी तिच्या सुपातल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि शेजारी फोडत बसले. ओ दिली नाही.