कुसुमताईंनी मागितलेले पाच टायर

गेल्या महिन्यात एका सकाळी चहा घेता घेता फोन उघडला, तर आमच्या दूध संघाच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर बातमी येऊन पडली होती. डॉ. कुसुम साळवे गेल्या. आदल्या दिवशी दुपारी, बीडच्या राहत्या घरी, हृदयविकाराने. बातमीखाली एका जुन्या व्यवस्थापकांनी लिहिलं होतं, 'अत्यंत शांत व समाधानी व्यक्तिमत्त्व. संघाकडे कधी काही मागितले नाही.' दुसऱ्याने तीच ओळ उचलून खाली डकवली, मग तिसऱ्याने. बारा वाजेपर्यंत तीसेक जणांनी हात जोडून तेच सांगितलं होतं. माणूस गेल्याचं दुःख व्हायच्या आधी मला राग आला, आणि आज पाच आठवडे झाले तरी तो गेलेला नाही. मी त्या संघात सव्वीस वर्षं स्टोअरकीपर होतो. बाईंनी मागितलं होतं. पाच टायर मागितले होते, लेखी, तीन वेळा, आणि ते तिन्ही अर्ज माझ्याच टेबलावर आले होते.

कुसुमताई संघाच्या जनावरांच्या डॉक्टर. त्या रुजू झाल्या तेव्हा संचालकांना वाटलं, बाईमाणूस आहे, कार्यालयात बसून दाखले लिहील. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हर परत पाठवला आणि संघाची जुनी फोर-व्हील जीप स्वतः चालवायला घेतली. ड्रायव्हर का नको, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याला दुपारी जेवायला घरी जायचं असतं, अन् गाय नेमकी दुपारी अडती." मग दुष्काळाची दोन वर्षं पाठोपाठ आली. आठवड्यातले तीन दिवस लिंबागणेशच्या बाजूच्या चारा छावण्या, तीन दिवस धारूरचा डोंगर, अशी त्यांची फेरी सुरू झाली. छावणीपर्यंत डांबर होतं. डोंगरात मात्र डांबर संपलं की मुरूम आणि मुरूम संपला की नुसता धारेचा दगड. त्या दगडावर जीपचे झिजून गुळगुळीत झालेले टायर महिन्यातून दोनदा बाजूने फाटायचे, आणि बाई स्वतः जॅक लावून स्टेपनी चढवून यायच्या.

पहिला अर्ज घेऊन त्या स्टोअरमध्ये आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक वही होती. पंधरा दिवस कुठल्या रस्त्यावर किती चाललो, ते त्यांनी लिहून ठेवलं होतं. दहा किलोमीटरमागे सात डांबर, दोन मुरूम, एक दगड. मला टायरमधलं सगळं कळतं असा माझा तेव्हा समज होता. मी म्हणालो, "बाई, सात किलोमीटर डांबर हाय, मंग रोडचंच टायर मागवतो की. एका किलोमीटरपायी कशाला उगं?"

"डांबरावर टायर गेला तर मागून येणारा कुणीबी थांबतो, भाऊ. त्या एका किलोमीटरवर कोण येतंय?"

"मंग चिखलाचे घ्या, मोठाल्या गोट्यांचे. अध्यक्षसाहेबांनी लावलेत तसले."

"ह्या दुष्काळात चिखल कुठं हाय, तेवढं दावा मला."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि मला शाळेतल्या पोरासारखं समजावून सांगितलं. मोठ्या नक्षीचा टायर डांबरावर भुंकतो, ब्रेक उशिरा लागतो, डिझेल खातो. रोज डांबरावर चालणाऱ्या गाडीला तो नको. रोडच्या टायरची बाजू पातळ असते, ती दगडाने चिरते, म्हणून तोही नको. दोन्हीच्या मधला हवा, ज्याला दुकानदार ऑल-टेरेन म्हणतात. तो घेतानाही नक्षी बघून भुलायचं नाही, बाजू अंगठ्याने दाबून बघायची. माप कंपनीने दिलंय तेच, एक बोटसुद्धा मोठं नाही. आणि पाचही टायर एकाच दिवशी, एकाच जातीचे, स्टेपनीसकट. "फोर-व्हीलचा गिअर टाकला की पुढची अन् मागची चाकं एकमेकाला बांधल्यावानी फिरतात," त्या म्हणाल्या. "पुढं लहान टायर अन् मागं मोठं असलं तर दोघांची ओढाताण व्हती, अन् मधल्या मधी गिअरबॉक्स मरतो." मी मान डोलावली. त्यातलं निम्मंच मला कळलं होतं, पण तसं म्हणायला जीभ रेटली नाही.

आमच्या संघात एक रीत होती. नवीन काही आलं की ते अध्यक्षांकडे जायचं. तिथून उतरलं की उपाध्यक्षांकडे, मग संचालकांकडे, मग व्यवस्थापकांकडे, आणि सगळ्यात शेवटी आमच्यासारख्यांकडे. खुर्च्या अशाच यायच्या, पंखे असेच, टेबलावरच्या काचासुद्धा. त्या वर्षी नारायणगडाच्या यात्रेला गाडी उठून दिसावी म्हणून अध्यक्षांनी तिला रुंद, गोट्यागोट्यांचे टायर बसवले होते. आवाजाने त्यांच्या मंडळींचं डोकं दुखायला लागलं, तेव्हा महिनाभरातच ते काढले. दोन एका संचालकाने उचलून नेले, दोन माझ्या स्टोअरमध्ये येऊन पडले. रिमचं माप जीपच्या रिमएवढंच. मला वाटलं, प्रश्न सुटला. मी बाईंच्या अर्जावर ठळक अक्षरांत शेरा मारला, 'स्टोअरमध्ये टायर उपलब्ध असल्याने नवीन खरेदीची आवश्यकता नाही. अर्ज निकाली.'

त्या टायर बघायला आल्या. हातसुद्धा न लावता म्हणाल्या, "उतरलेलं हाय ना हे?"

"नवंच हाय की बाई. महिनाबी चाललं न्हाई."

"उतरलेलं हाय, भाऊ." मग म्हणाल्या, "आमच्या आज्यानं छप्पन साली धम्म घेतला तवा घरात एक नेम घालून दिला. कुणाचं उतरलेलं उंबऱ्याच्या आत घ्यायचं न्हाई. कापड न्हाई, अन्न न्हाई, काईच न्हाई. त्या नेमावर आमी वाढलो. अन् तो नेम नसता, तरी हे टायर मापाचं न्हाई. मी तुमाला सांगितलं व्हतं."

मला ते लागलं. मी चांगुलपणाने देतोय आणि ह्यांना घ्यायचं नाही. कॅन्टीनमध्ये मी चारचौघांत म्हणालो की बाईंना माज आलाय. ते 'माज' मी कुणाबद्दल आणि का म्हणालो, अध्यक्षांच्या जातीतल्या एखाद्या डॉक्टरने तेच टायर नाकारले असते तर म्हणालो असतो का, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं... आज कागदावर लिहितो आहे एवढंच. पुढचे दोन अर्ज आले, त्यांच्यावरही मी तोच शेरा मारला.

मे महिन्यात बाई चार दिवस प्रशिक्षणाला पुण्याला गेल्या. जीप आवारात उभी होती. मागचे दोन टायर अगदीच गेलेले होते, स्टेपनी फाटलेली. मी ते अध्यक्षांचे दोन टायर मागे बसवून घेतले, पुढचे दोन झिजलेले तसेच राहू दिले. बाई आल्यावर बघतील, गाडी चालवतील, मग त्यांचा हट्ट आपोआप मोडेल, असा माझा हिशोब. परतल्या त्या सकाळी त्यांना धारूरच्या वरच्या एका वाडीवर घटसर्पाची लस घेऊन जायचं होतं. पावसाचे चार थेंब पडायच्या आत ती टोचली जायला हवी असते. बर्फाची पेटी हातात धरून त्या जीपपाशी उभ्या राहिल्या आणि मागच्या चाकांकडे बघत राहिल्या.

"हे कुणी बसवलं?"

"मीच, बाई. तुमची सोय व्हावी म्हणून."

त्यांनी घड्याळ बघितलं, पेटी मागच्या सीटवर ठेवली आणि निघून गेल्या. दुसरी गाडी नव्हती, आणि बर्फ वितळायला लागला होता.

पुढचं मला त्यांच्या लेखी खुलाशातून कळलं. तो मी इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय. चढाच्या पहिल्या वळणावर त्यांनी फोर-व्हील टाकली. गाडी अडखळत, करकरत थोडी वर गेली आणि खालून मोठा आवाज होऊन जागीच थबकली. त्या हिसक्याने पेटी सीटवरून उघड्या जीपच्या बाहेर पडली, झाकण निघालं आणि बर्फ दगडांवर सांडला. मेमधलं ऊन. बाईंनी बाटल्या गोळा केल्या, ओल्या फडक्यात बांधल्या आणि सहा किलोमीटर चालत वर गेल्या. वाडीवर लोक जनावरं ओळीने बांधून सकाळपासून वाट बघत होते. बाईंनी बाटल्या हातात घेऊन बघितल्या आणि सांगितलं, ही लस मी टोचणार नाही. गयाबाई नावाच्या एका म्हातारीची एकच म्हैस होती. ती म्हणाली, "आनलीच हाय तर टोचा की बाई. काय व्हतंय?" बाई म्हणाल्या, "गरम झालेली लस म्हंजी पाणी, मावशी. पाणी टोचून तुमाला बिनघोर करू का मी?"

जीप दुरुस्तीला गेली ती पंधरा दिवस आलीच नाही. तोवर वाडीवर रोग पोचला होता. चार जनावरं गेली. गयाबाईची म्हैस पहिली.

संघाने चौकशी लावली. वाहन निष्काळजीपणे चालवल्यामुळे बिघाड झाला, असा ठपका बाईंवर आला. मला फक्त एवढंच विचारलं गेलं की जीपच्या टायरची स्थिती काय होती. मी लिहून दिलं, 'मागील दोन्ही टायर नवीन व सुस्थितीत होते.' हे खोटं नव्हतं. ह्याहून मोठा हरामखोरपणा मी आयुष्यात केलेला नाही. बाईंची बदली शीतकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत झाली. डोंगरात एकटीने जीप घालणारी डॉक्टर निवृत्त होईपर्यंत एका खोलीत बसून दुधाचं फॅट काढत राहिली.

मी एकदा तिथे त्यांना भेटायला गेलो होतो. त्यांनी चहा मागवला. मी म्हणालो, "बाई, बोला मला काहीतरी. चिडा माझ्यावर." त्या म्हणाल्या, "वाईट मनानं केलं असतं तर भांडले असते, भाऊ. तुमी चांगल्या मनानं केलं... आता कुणाशी भांडू?" मी ते माफी समजून घरी आलो आणि त्या दिवशी छान झोपलो. आज मला सगळ्यात जास्त चीड त्या झोपेची येते.

दहाव्या दिवशी संघाच्या सभागृहात शोकसभा झाली. फोटोला हार होता. अध्यक्ष आता थकलेत, पण खुर्ची तीच आहे. ते उठून म्हणाले, "आजकाल माणूस रुजू व्हायच्या आधी मागणी करतो. साळवेबाईंनी सबंध नोकरीत एक मागणी केली नाही." लोकांनी माना डोलावल्या. आणि कागदोपत्री बघायला गेलं तर त्यांचं बरोबरच होतं. कुठलाही अर्ज वरपर्यंत गेलाच नव्हता, तिन्ही माझ्या शेऱ्याने खालीच निकालात निघाले होते. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठून एक वाक्य बोलायचं होतं... उठलो नाही. सभेनंतरचा चहाही घेतला.

तिथून मी तडक बाईंच्या घरी गेलो. त्यांची भाची वैशाली त्यांच्याजवळ राहायची, कॉलेजात शिकवते. अंगणातल्या पत्र्याखाली एक जुनी लहान फोर-व्हील गाडी उभी होती. निवृत्तीनंतर मावशीने घेतली, वैशाली म्हणाली. मी खाली वाकून टायरची बाजू अंगठ्याने दाबली. चारही एकाच जातीचे, मागे टांगलेली स्टेपनीही तीच, आणि माप कंपनीचंच.

"दुकानात दीड तास बसली होती मावशी हे घ्यायला," वैशाली म्हणाली. "दुकानदार म्हणाला, मावशी, रोज तर तुमी बीडातच फिरणार, साधे टायर घ्या. तर म्हणाली, महिन्यातून एकदा वर जायचं असतं मला."

"वर म्हंजी?"

"वाडीवर. दर महिन्याला जायची, काका. जनावरं बघायला. तुमाला माहीत न्हाई?"

मला माहीत नव्हतं. ग्रुपवरच्या त्या तीस जणांतही कुणाला माहीत नव्हतं. वैशाली म्हणाली, वर फोन लागत नाही, त्यामुळे वाडीला अजून काही कळलेलं नाही, जाऊन सांगायला हवं. मी म्हणालो, मी येतो.

गेल्या रविवारी आम्ही गेलो. गाडी वैशालीने चालवली. डांबर सुटलं, मुरूम सुटला, पहिल्या वळणाच्या आधी तिने फोर-व्हील टाकली आणि गाडी दगडावरून निवांत वर चढत राहिली. मी दोन्ही हातांनी सीट धरून बसलो होतो. वाडीवर पोचेपर्यंत गाडीचा आवाज पुढे गेला होता. लोक जनावरं सोडून लिंबाखाली आणायला लागले होते. एक बाई लंगडणारं वासरू ओढत आली. गयाबाई आता पार वाकलीय. शेळीचं दावं हातात धरून ती गाडीपाशी आली, ड्रायव्हरच्या बाजूला डोकावली, वैशालीकडे बघितलं, मग मागच्या सीटवर बघितलं.

वैशालीने सांगितलं. गयाबाई तिथेच मातीत बसली.

मग मी बोललो. म्हणालो, त्या वर्षी लस घेऊन येताना जीप बाईंच्या हातून बिघडली नव्हती. टायर मी बसवले होते, चुकीचे. बाईंनी दुसरे मागितले होते, तीनदा मागितले होते. मी दिले नाहीत, आणि नंतर विचारलं तेव्हा सांगितलंही नाही.

गयाबाईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "बाई तर म्हनल्या, माझ्याच हातनं मोडली," ती म्हणाली. "वाडीनं लई बोल लावला व्हता तिला. खाली मान घालून ऐकून घ्येतलं तिनं. मीबी बोलले व्हते."

तिने शेळीचं दावं हाताला गुंडाळलं.

"म्हशीचं सोड, बाबा," ती म्हणाली. "बाई जिती व्हती तवर तू कुठं गेलतास?"