मोटरीच्या सुरात झोप

माझं आजवर जे काही बरं झालं, ते भास्करदादामुळे. भास्करदादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दहावीनंतर शाळा सोडून त्याने मळा सांभाळला, म्हणून मी पुण्यात बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला. माझा कीबोर्डही त्यानेच मालेगावहून मित्राच्या गाडीवर मागे बसून, पोटाशी धरून आणला होता. २००५ च्या जानेवारीत सुट्टी संपवून मी देवळ्याहून नाशिकच्या एसटीत चढलो, तेव्हा तो खिडकीखाली उभा होता. म्हणाला, "वाजव बिनधास्त. भिऊ नको."

काम असं होतं. नाशिकला गंगापूर रोडवर झोपेच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टर मॅडम होत्या. गाढ झोपेत मेंदूच्या लहरी संथ होतात. त्या लहरींकडे माणसाला हळूहळू नेईल असं संगीत त्यांना दवाखान्यासाठी हवं होतं. दोघांना बोलावलं होतं: मला आणि माझा कॉलेजमधला मित्र मंदार याला. निवड एकाचीच होणार होती. माझ्यासाठी ते संगीतातलं पहिलं काम ठरलं असतं.

भावडबारीचा घाट उतरताना कंडक्टरने मांडीवरच्या पिशवीला बोट लावलं.

"पेटी हाय का?"

"कीबोर्ड आहे."

"मंग वाजव की. ड्रायव्हरला झोप येऊन ऱ्हायली."

"हे झोपेचंच वाजवायचंय."

"मंग ऱ्हाऊ दे बाबा!" तो म्हणाला आणि अख्खी गाडी हसली.

चांदवडपर्यंत दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवी पात होती, पिंपळगावच्या पुढे द्राक्षबागा. मी मनात सूर लावत होतो. आमच्या मळ्यातल्या विहिरीवरची मोटर सुरू झाली की तिची घूं-घूं ऐकत मी लहानपणी झोपायचो. तोच खर्जातला सूर मी कीबोर्डवर बसवला होता, आणि त्यातली कंपनं हळूहळू संथ करत नेली होती. असा सूर मंदारकडे असणार नाही, याची मला खात्री होती.

नाशिकला मंदारने स्टँडवरून थेट मिसळ खायला नेलं. रस्सा झणझणीत, सोबत दही आणि पापड. पैसे त्यानेच दिले. मग घरी नेऊन आपली खोली दाखवली. भिंतींना आवाज शोषणारा फोम, टेबलावर कॉम्प्युटर, फळीवर झोपेच्या विज्ञानाची जाडजाड पुस्तकं. वडिलांनी मुंबईहून आणून दिलेली. त्याची आई दारावर टकटक करून कॉफी ठेवून गेली. आमच्या घरात दारावर टकटक कोणी करत नाही. मला त्या टकटकीचाही हेवा वाटला. मंदारने रचना सीडीवर उतरवली होती. माझ्याकडे सीडी नव्हतीच, मी तिथे बसून वाजवणार होतो.

"लाइव्ह? भारीच की!" मंदार म्हणाला. तो मनापासून म्हणाला, हे मला जास्त लागलं.

दुपारी दवाखान्यात सटाण्याकडचे एक कांदा-शेतकरी पलंगावर पडले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. कित्येक महिने त्यांना धड झोप नव्हती. डोक्याला वायरी लावल्या होत्या आणि शेजारच्या पडद्यावर रेषा धावत होत्या. आधी मंदारची सीडी लागली. लांबच लांब सूर, श्वास सोडावा तसे खाली येणारे. आबांच्या रेषा पसरट झाल्या, तोंड उघडं पडलं. मॅडमनी मान डोलावली.

आबांना उठवून चहा दिला आणि मग माझी पाळी आली. मी खर्ज धरला. आबांचे डोळे मिटले. मी हळूच मंदारकडे पाहून घेतलं आणि सूर आणखी भरीव केला. तोच आबा ताडकन उठून बसले, डोक्याच्या वायरी ओढत ओरडले, "लाइट उनी! ऊठ रे भाऊ, पानी भरनं शे!" (लाइट आली, पाणी भरायचंय!)

"नळाला? पण नळ तर सकाळीच येऊन जातो," मॅडम गोंधळून म्हणाल्या.

मंदार बाहेर जाऊन नळ सोडून पाहून आला. "कोरडा आहे," त्याने सांगितलं.

पाणी भरणं म्हणजे आमच्याकडे शेताला पाणी देणं, हे त्या खोलीत आबांना आणि मलाच ठाऊक होतं. शेतीची लाइट रात्री-अपरात्री येते, मोटर आपोआप सुरू होते आणि तिची घूं-घूं ऐकली की पाणी द्यायला उठावंच लागतं, हे मी समजावून सांगितलं. मॅडम हसल्या. "मग तुमचं संगीत गजराला चांगलं आहे हो." निवड मंदारची झाली.

त्याने मला स्कूटरवरून पुण्याच्या गाडीपर्यंत सोडलं, कीबोर्ड वर चढवून दिला. सिन्नर मागे पडेपर्यंत मी त्याच्या खोलीवर, सीडीवर, कॉफीवर जळत होतो. नंतर मात्र आबांचा दचकलेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना. पुण्याला पोचल्यावर दादाला लिहिलं ते असं:

ती. स्व. दादास, सा. न.

काम मंदारला मिळालं. मी आपल्या मोटरीचा सूर वाजवला, तर पेशंट पाणी भरायला उठून बसला. सगळे हसले, मीही हसलो. मग गाडीत आठवलं. रात्रीची लाइट आली, मोटर लागली, की तू घोंगडी माझ्या अंगावर टाकून बाहेर जायचास. मी त्या आवाजात झोपायचो, कारण तू उठलेला असायचास. तुला त्या आवाजात कधी झोप लागली का रे?

पुढच्या खेपेला मंदारची सीडी घेऊन येतो. तुला ती ऐकून झोप लागली, तर मला त्याचा आणखी हेवा वाटेल. तरी आणतो.

तुझा,
संजू