ब्रेक मारला की थरथर

गाडीत बसायच्या आधी मिस्त्रीकाका चप्पल काढायचे. देवळाबाहेर काढावी तशी, दोन्ही जोडून, बाजूला ठेवायचे. मग अनवाणी पाय ब्रेकवर ठेवून विचारायचे, "थरथर कुठं लागते? हातात, पायात, का बुडाखाली?"

गिऱ्हाईक हसायचं. काका न्हाई हसायचे.

"हसू नको बापू. स्टेरिंग हललं तर पुढच्या चाकात दोष. बुडाखाली हललं तर मागच्या. गाडी सगळं सांगून राहिली, तू बूट घालून बसला म्हणून तुला कळंना."

आखाडा बाळापूरला नांदेडच्या रोडला लागून त्यांचं पत्र्याचं शेड होतं. होतं म्हणतोय, बघा. बोर्ड न्हाई, काही न्हाई, तरी कळमनुरीपासून लोक यायचे, कारण ब्रेकच्या बाबतीत असा माणूस जिल्ह्यात न्हवता. मी हे भराभरा टाइप करतोय, चुका असतील, असू द्या. राग थंड झाला की मी स्वतःला चांगलं दाखवायला लागेन, म्हणून आत्ताच लिहितो.

एकदा एक मास्तर आले. दुसरीकडं टायर बदलले, तवापासून ब्रेक मारला की गाडी थरथरते म्हणे. पॅड बदला, डिस्क बदला, सगळं बदला, मास्तर घाईत. काका म्हणले, "बदलणं सोपं हाय. आधी ऐकू तर द्या." चक्कर मारून आले, पुढच्या चाकाचे नट ढिले केले, अन् समोरासमोरचे धरून थोडे थोडे पुन्हा कसले. थरथर गायब!

"एवढंच?" मास्तर.

"एवढंच. एका नटाला राग काढल्यासारखं कसलं होतं, दुसऱ्याला नुसता हात लावला होता. पोरांना शिकवताना एकाला मारायचं अन् एकाला माफ असं करता का मास्तर?"

मास्तर पाकीट काढायला लागले. करत असतील.

त्यांच्याकडं शाळेतल्या खडूचा डबा असायचा. चाक काढून आतल्या लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, खडू हलकाच लागेल असा धरायचे, अन् डिस्क हातानं हळूहळू फिरवायचे. डिस्क सरळ असली तर खडू सगळीकडं सारखा लागतो. वाकलेली असली तर एकाच जागी पांढरा पट्टा उठतो. तो पट्टा दिसला की बोट लावून म्हणायचे, "हे बघ. हितं दुखतंय तिला."

आता माझी गोष्ट. माझी म्हणजे माझ्या मूर्खपणाची.

आमची सात सीटची गाडी हाय. आधी बाबा चालवायचे. दोन वर्षांमागं बाबाची गाडी पलटी झाली, पाय कायमचा आखडला, तवापासून मी चालवतो. बाळापूर अन् आजूबाजूच्या गावांचे डायलिसिसचे पेशंट नांदेडला नेतो, आणतो. माय तवापासून भ्यालेली. गाडी गॅरेजातून घरी आली की दारातच थांबवते. पुढच्या दोन्ही चाकांना हळदकुंकू, तांदूळ, अन् मग भरलेला तांब्या चाकावर ओतते. रिमच्या भोकातून आत जाईल असा. काही वाईट मागं लागून आलं असंल तर ते तिथंच वाहून जावं म्हणून. आमच्याकडं बऱ्याच घरी करतात. मला ते दिसायचंसुद्धा न्हाई, इतकी सवय.

या उन्हाळ्यात डिस्क झिजल्या. काकांनी पुढच्या दोन्ही नव्या बसवल्या, पॅड नवे. मला बाजूला बसवून स्वतः रोडला गेले, साठवर नेऊन ब्रेक, पुन्हा साठ, पुन्हा ब्रेक. दहा-बारा वेळा. ब्रेक दाबला की डिस्कला आवळून धरतात ते पॅड तिच्यावर नीट बसावे म्हणून. वास सुटला होता.

"आता घरी ने. अर्धा तास चाकाला कायबी लावू नको. लई तापलेत. आपोआप थंड होऊ दे."

"व्हय काका," म्हणलं. अन् घरी पोचताच गाडीतून उडी मारून आत पळालो, कारण मला स्टेटस टाकायचं होतं. गाडी तय्यार, दोन इमोजी. माय तांब्या घेऊन बाहेर जात होती. माझ्या बाजूनं गेली. मी मोबाइलमधून मान वर केली न्हाई.

दुसऱ्या दिवशी वारंगा फाट्यावर ब्रेक मारला, तर स्टेरिंग हातातून सुटतंय का काय असं हललं! मागं दोन पेशंट, त्यांची माणसं. एका म्हाताऱ्या आजीनं माझी सीट धरली अन् म्हणली, "लेकरा, आमी तसंबी मरायलोच, घाई करू नको." सगळे हसले. माझ्या डोळ्यापुढं बाबाची पलटी झालेली गाडी.

परत येऊन काकांना फोनवर असलं असलं बोललो की लिहायची लाज वाटते. ते हातातलं काम टाकून खडू घेऊन आमच्या दारी आले. चप्पल काढली, चक्कर मारली, चाक काढलं, खडू धरला. पांढरा पट्टा उठला. नवी कोरी डिस्क, एका दिवसात वाकडी. मग त्यांनी काढून ठेवलेलं चाक उलटं केलं. रिमच्या भोकाजवळ कुंकवाचा ओघळ होता. आत तांदळाचा एक दाणा चिकटलेला. तो त्यांनी नखानं काढला. तळहातावर घेऊन बघितला.

माय दारात उभी. "दादा, काय निघालं? भ्यायचं काम न्हाई ना?"

काकांनी मायकडं बघितलं. दाणा खिशात टाकला.

"काही न्हाई अक्का. माझ्याच हातानं काही राहिलं असंल. म्हातारा झालो. उद्या गाडी पाठवा, मी पुन्हा करून देतो."

झालं! मला तेवढंच ऐकू आलं. माझ्याच हातानं राहिलं. ते शेडवर पोचायच्या आधी माझा मेसेज सगळ्या तालुक्यात पोचला होता. गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, गावाच्या ग्रुपवर टाकला. वाकड्या डिस्कचा फोटो. खाली, 'पत्र्याच्या शेडमधी ब्रेकचं काम करू नका. माणसानं स्वतः कबूल केलं चूक माझी. पेशंटच्या जिवाशी खेळ.' लोकांनी धडाधड पुढं पाठवला. ज्यांच्या गाड्या काकांनी रस्त्यावर झोपून नीट केल्या होत्या त्यांनीसुद्धा! एकानं लिहिलं, मला आधीपासून डाऊट होता. काय डाऊट होता रे तुला? आदल्या आठवड्यात त्यांच्याच शेडात चहा पीत बसला होतास!

काकांचा त्या संध्याकाळी दोनदा फोन आला. मी उचलला न्हाई. म्हणलं आता माफी मागत असंल, मागू दे.

पैसे जुळवेपर्यंत तीन आठवडे गाडी दारातच उभी, मग मी ती हळूहळू नांदेडला एका मोठ्या गॅरेजात नेली. एसीत बसवलं, मशीन लावली, पुन्हा नव्या डिस्क. निघालो. अर्धापूरच्या गर्दीत ब्रेक, बाळापूरच्या बाजारात ब्रेक, अन् दारात आलो. या वेळेस मी व्हिडिओच करत उतरलो, ग्रुपवर दाखवायला की बघा, काम असं असतं. माय आली. हळदकुंकू, तांदूळ, तांब्या.

फस्स! चाकातून वाफ निघाली.

तवाबी मला कळलं न्हाई. खरं सांगतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वारंगा फाटा, पुन्हा तेच, हातात थरथर. मी गाडी बाजूला घेतली अन् शिव्या देत व्हिडिओ उघडला, त्या गॅरेजवाल्याला पाठवायला. अन् तो फस्स आवाज ऐकला. पुन्हा ऐकला. सात-आठ वेळा ऐकला. तापलेल्या लोखंडावर गार पाणी. अर्धा तास कायबी लावू नको. कुंकवाचा ओघळ, तांदळाचा दाणा, काकांचा खिसा.

त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. उभ्या उभ्या. अन् हा माणूस बोलला न्हाई!

मला इतका राग आला त्यांचा. तुमी सांगा, न्हाई येणार? ओरडायचं ना माझ्यावर! अक्का, हे काय केलं म्हणायचं! मीबी ओरडलो असतो, माय रडली असती, चहा झाला असता, संपलं असतं. तसाच तिथून शेडवर गेलो भांडायला. शेड बंद. बाजूचा पंक्चरवाला मान वर न करता म्हणला, "तुमचा मेसेज आल्यावर पंधरा दिवस एक गाडी न्हाई आली. गेले ते. नांदेडकडं टायरच्या दुकानात लागले म्हणतेत."

मी घरी येऊन खरं लिहायला बसलो, अन् बोटं थांबली. पहिल्यांदा. खरं लिहायचं तर मायचं नाव येतंय. ज्या गोष्टीपायी काकांनी स्वतःचं नाव मातीत जाऊ दिलं, तीच मी गावभर करायची? मग लिहिलं, 'डिस्क माझ्यामुळं वाकल्या. मिस्त्रीकाकांनी सांगून सुद्धा मी गरम चाकावर पाणी जाऊ दिलं. त्यांची काहीच चूक न्हाई.' हे तर खरंच होतं. माझ्यामुळंच. मी मायला सांगितलंच न्हाई ना.

चार जणांनी अंगठा दाखवला. चार! पुढं कोणी पाठवला न्हाई. एकानं विचारलं, नांदेडला गाडी जाणार का उद्या?

पण आठवड्यानं शेजारणीनं तो मेसेज मायला वाचून दाखवला. माय भाकरी टाकत होती. "तू कवा टाकलं रे पाणी?" म्हणली. "पाणी तर मी…" अन् तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उचलली न्हाई. मग हात धुऊन उठली. "चल. कुठं हायेत ते, ने मला."

काका टायरच्या दुकानात होते. दुकानाची पिवळी टोपी घातलेली, त्यांना मोठी होत होती. माय सरळ त्यांच्यापुढं उभी राहिली.

"दादा, त्या दिवशी तुमाला चाकात काय दिसलं होतं?"

"काय दिसनार अक्का? डिस्क तिरपी बसली होती माझ्याकडून."

"कुंकू न्हवतं?"

"कुंकू असतंय की चाकाला. त्यानं काय होतंय?"

माय त्यांच्याकडं बघत राहिली. मग "बरं" म्हणली अन् गाडीत जाऊन बसली.

मी फुटलोच. "काहून खोटं बोलता? तांदूळ खिशात घातला तुमी, मी पाहिलं! तवाच तोंड उघडायला काय झालं होतं?"

"चूप!" काका असे ओरडले की हवा भरणारा थांबला. त्यांना चिडलेलं मी कधी पाहिलं न्हवतं. मग आवाज खाली आणून म्हणले, "मालकाच्या अपघातानं अर्धी झालेली बाई. तिच्या तोंडावर सांगू, की तुझ्या पाण्यानं पोराचा ब्रेक गेला? झोपली असती का ती पुन्हा? तुला एकट्याला सांगनार होतो. फोन केला दोनदा."

मी त्यांचा हात धरला.

"चला ना काका परत. मी सगळ्यांना सांगतो, एकेकाच्या घरी जातो."

"सांग," ते म्हणले. "पण ब्रेकला हात लावू देताना माणसाच्या मनात किडा नसावा बापू. एकदा गेला आत की निघत न्हाई. हितं बरंय. टायर काढ म्हणले की काढायचा."

काउंटरवरून आवाज आला, "ए म्हाताऱ्या, गप्पा मारायला ठेवलंय का? जॅक लाव!" काका गेले. त्या काउंटरवाल्याला मारावं वाटलं. पण त्याला तिथं कोणी आणून दिला होता हा माणूस?

परत येताना अर्धापूरला मायनं खिडकीची काच वर केली. मग म्हणली, "खोटं बोलले ना ते?"

"व्हय."

"मला बरं वाटावं म्हणून?"

"व्हय माय."

तिनं पदर तोंडाला लावला. मला रडायलासुद्धा तोंड न्हवतं.

बाळापुरात शेडपाशी आलो. पत्रे काढून झाले होते. तिथं रसवंती होणार म्हणून एक माणूस मुरूम पसरत होता. मला ओळखीचं समजून सांगायला लागला, "तिसऱ्यांदा टाकून राहिलो बघा. इतक्या वर्षांचं ऑइल मुरलंय खाली, कितीबी टाका, काळं वरच येतंय."

"येऊ द्या!" मी त्याच्यावर ओरडलो. उगाच. त्या बिचाऱ्याचा काय दोष.