आप्पांच्या डावीकडची जागा

आधी नंदाचं नाव घेतो, मग बाकीचं सांगतो. नंदा माझी धाकटी बहीण. आज मी मस्कतमध्ये हॉटेलांच्या चादरी धुतो, खिशात बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, आहे, डोक्यावर एसीचं छप्पर आहे, ते तिच्यामुळं. हे पहिल्यांदा लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, हा माणूस उपकार विसरला. विसरलो नाही. आठवतात म्हणूनच जास्त जळतं.

मी घर सोडलं ते एका लग्नाच्या मांडवातून. निपाणीजवळ आमचं गाव. आप्पा सनई वाजवायचे, सगळ्यात धाकटा भाऊ भरत संबळ, आणि मी सूर. सूर म्हणजे दुसरी सनई. तिच्यावर चाल वाजवायची नसते, एकच स्वर धरून बसायचं. नाकानं श्वास घ्यायचा, गालात साठवायचा, तोंडानं सोडत राहायचा. आधी चुलता सूर धरायचा. त्याचे पुढचे दात पडले आणि आप्पांनी मला नववीतून उठवलं. "घरात धड दात असलेला दुसरा कोण हाय?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून नऊ वर्षं मी त्यांच्या डाव्या कोपराला कोपर लावून बसलो. कधी मान हलली की हळूच ढोसायचे. "तुजं काम हलायचं न्हवं रं. तू हललास की म्या पडलो."

आमच्या घरात एक नियम होता. मांडवात लागलेला सूर अक्षता पडेपर्यंत तुटता कामा नये. माणूस बदलायचाच झाला तर दुसऱ्यानं शेजारी बसून आधी आपला सूर लावायचा. तो पहिल्याच्या सुरात मिसळला, की मगच पहिल्यानं सनई तोंडातून काढायची.

तोवर लग्नात डीजे आले होते. आप्पांनाही वाजवताना धाप लागायला लागली होती. कुणीतरी बाहेर पडायला हवं होतं. मस्कतला पाठवणाऱ्या एजंटनं ज्या दिवशी हायवेवर गाडी येईल म्हणून सांगितलं, त्याच दिवशी आप्पांनी एका लग्नाची सुपारी घेतलेली. अक्षता साडेबाराला, गाडी अकराला. आप्पा दिलेला शब्द मोडणार नव्हते आणि गाडी माझ्यासाठी थांबणार नव्हती. मी सूर धरून बसलो होतो आणि डोळे मांडवाबाहेरच्या रस्त्यावर.

तेवढ्यात नंदा आली. नुकतीच दहावी झालेली, अव्वाची, म्हणजे आईची, साडी नेसलेली. तोवर आमच्या ताफ्यात कुणी बाई बसली नव्हती. ती सगळ्यांच्या देखत माझ्या शेजारी बसली, पदराखालून जुनी सनई काढली आणि कानात म्हणाली, "अण्णा, तू जा. सूर मी धरतो." आमच्याकडं बायकाही असंच बोलतात. कुठं शिकली, कधी शिकली, कुणाला ठाऊक? तिचा सूर माझ्यात मिसळला. आप्पांनी वाजवता वाजवताच भुवया वर केल्या, खाली घेतल्या. मी सनई काढली, बॅग उचलली आणि बाहेर पडलो.

हायवेच्या कडेला अव्वा भाकरीचं गाठोडं घेऊन उभी होती. ती चिकोडीकडची, माहेरची भाषा कन्नड. अवघड वेळेला तिच्या तोंडून तीच यायची. "होगि बा," म्हणाली. जाऊन ये. गाडीत बसेपर्यंत मागून सूर ऐकू येत होता, जराही न हलता. मांडवात कुणी मान वळवली नाही. मी गेलो, ते कुणाला ऐकूसुद्धा आलं नाही.

याला अकरा वर्षं झाली. तुम्हीही कुठं गेला असाल तर सांगा, आपल्या जाण्यानं कुठं काही तुटलं नाही, ते बरं वाटतं की वाईट?

नंदा त्या जागेवरून उठलीच नाही. पुढं सुराची चाल झाली, म्हणजे ती मुख्य सनईही वाजवायला लागली. बेळगावात कॅम्प भागातले एक म्हातारे सर तिला भेटले. त्यांच्या घराण्यात डान्स बँडमध्ये वाजवणारी माणसं. त्यांनी तिच्या हातात सॅक्सोफोन दिला. ती आणि भरत आता खासबागेत राहतात आणि शहापुरात बंद पडलेल्या मागाच्या खोलीत तालीम करतात. सर तिला म्हणाले, "दोन घरची गाणी एका चुलीवर आली की जॅझ होतो." ती म्हणाली, "मग आमच्यात पयल्यापासनंच हाय की!" खरंच होतं ते. अव्वाचे वडीलही सनईवाले. त्यांच्या कन्नड चाली, आप्पांच्या मराठी. त्या सगळ्या गोळा करून दोघांनी ग्रुप काढला. नाव ठेवलं 'आप्पांची पोरं'.

पोस्टरवर फोटो दोन. पोरं तीन.

तो फोटो मला आमच्या मुदीरनं, म्हणजे मॅनेजरनं, दाखवला, केरळचा आहे तो. "ये तुम्हारा सिस्टर?" मी हो म्हटलं आणि इस्त्रीच्या रोलरमध्ये चादर अशी ढकलली की ती तिरकी गेली. इथल्या कामगारांच्या कॅम्पमध्ये बेळगावजवळच्या काकतीचा एकजण आहे, तो जेवताना सगळ्यांपुढं म्हणाला, "भैन लई भारी वाजवती की रं. तू कायबी वाजवत न्हाईस व्हय?" मी म्हटलं, "मी सूर धरायचो." तो म्हणाला, "म्हंजे काय करायचास?" मी भात चिवडत बसलो.

खोटं कशाला बोलू? तिचा सॅक्सोफोन चमकला की माझे डोळे दुखतात. तिच्या बोटांकडं बघतो आणि माझी बघतो, डिटर्जंटनं सोललेली. मनात येतं, मी त्या दिवशी उठलो नसतो तर ही अजून अव्वाजवळ भाकरी थापत असती. असं मनात येतं, आणि मग स्वतःची लाज वाटते.

आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. मला सुट्टी मिळाली नाही. त्यानंतर एका दुपारी नंदाचा फोन आला.

आप्पांची एक चाल होती, नवरी सासरी निघताना वाजवायची. सुरुवात अव्वाच्या माहेरच्या कन्नड चालीनं करायचे आणि गावाची शीव आली की मराठीत वळायचे. ते वळण चार श्वासांचं. कुणाला शिकवलं नाही, कुठं रेकॉर्ड नाही.

"अण्णा, आप्पा ते वळण कसं घ्यायचे रं? मला अलीकडचं येतंय, पलीकडचं येतंय. मधलंच गावंना झालंय."

"न्हाय बा आठवत. लई वर्सं झाली."

"आसूं दे," म्हणाली. "जेवलास काय?"

मला ते वळण माझ्या दातांसारखं ठाऊक आहे. सूर धरणाऱ्याला दुसरं काम काय? तो ऐकतो. नऊ वर्षं ऐकलं. पण त्या दोघांकडं नाही असं माझ्याकडं एवढं एकच होतं. ते मी मुठीत दाबून धरलं.

पुढं भरतनं बेळगावच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. नंदा मध्ये उभी, भरत उजवीकडं बसलेला. तिच्या डावीकडं चटई अंथरलेली, तिच्यावर माणूस नाही, फक्त माझी जुनी सूरसनई. नंदानं कन्नड चाल वाजवली. वळणापाशी आली आणि थांबली. सॅक्सोफोन खाली ठेवून ती त्या चटईवर बसली, सूरसनई उचलली आणि चार श्वास नुसता सूर धरला. मग उठून पलीकडची चाल घेतली. शेवटी माईकवर म्हणाली, "मधलं वळण आमच्या थोरल्या अण्णाला ठाऊक हाय. त्यो मस्कतला आसतोय. त्यो येऊस्तवर ही जागा अशीच ऱ्हानार. आमी दोगं न्हवं, तिगं हाय."

म्हणजे तिला कळलं होतं, मी खोटं बोललो ते. कळूनही तिनं जागा धरून ठेवली. आणि खरं सांगू? ती इतकी चांगली वागली, याचाही मला हेवा वाटला.

शुक्रवारी आमची लाँड्री दुपारपर्यंत बंद असते. ड्रायर थांबले की आत इतकी शांतता होते की कान वाजतात. मी चादरींच्या ढिगाआड उभा राहिलो, फोन तोंडाशी धरला आणि ते वळण गुणगुणलं. दोनदा आवाज फुटला. तिसऱ्यांदा आप्पांचं कोपर लागल्यासारखं झालं आणि नीट आलं. ते नंदाला पाठवून दिलं. मूठ उघडी झाली, आणि मग भीती वाटली, आता माझ्याकडं काय उरलं?

तासाभरानं फोनवर तिचा आवाज आला. आधी नुसतं नाक ओढणं, मग हसणं. "खोटारड्या! इसरलोय म्हनं! नऊ वर्सं ऐकलंस आनि इसरलास व्हय?" मागून भरत ओरडत होता, "आक्का, त्येला म्हनावं पुन्यांदा पाटीव, संबळ बसवायचाय!"

आता ती ते वळण माझ्या गुणगुणण्यापेक्षा शंभरपट चांगलं वाजवते. ऐकतो, पुन्हा लावतो, आणि पुन्हा जळतो. हे काही एका दिवसात जायचं नाही. पण मी पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून श्वास फिरवायचा सराव सुरू केलाय. बुडबुडे तुटू द्यायचे नाहीत. रूममधला बांगलादेशी पोट धरून हसतो, "भाई, पागल हो गया?" सध्या तीन मिनिटं टिकतो. पुढचा एक दात हलतोय, त्याची धास्ती आहे.

गावातलं घर आता भाड्यानं दिलंय. अव्वा नंदाकडं असते. त्यामुळं घर म्हटलं की मला भिंती दिसत नाहीत. आप्पांच्या डावीकडची, आता नंदाच्या डावीकडची, हातभर चटई दिसते.

नंदा, हे तू वाचशील म्हणून भीत भीतच लिहितोय. त्या दिवशी माझा सूर तू धरलास आणि मला मोकळं केलंस. एक दिवस मी येईन. तुझ्या शेजारी बसेन, आधी माझा सूर तुझ्यात मिसळेन, मग तू सनई तोंडातून काढ आणि तुझा सॅक्सोफोन घे. लोकांनी तुझ्याकडंच बघावं. मी हलणार नाही. अक्षता पडेपर्यंत उठणार नाही.